आईच्या साध्या फोनवर नेटचा भुर्दंड कशासाठी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टपाल खात्यातील माझ्या नोकरीची बरीच वर्षे मेढा आणि सातारा येथील खिडकीवर गेली. मुंबईला माथाडी कामासाठी किंवा गिरणीत गेलेल्या मुलांच्या मनीऑर्डरी जावळीतल्या वाड्या-वस्त्यांवर येत, तेव्हा फॉर्मच्या तळाशी मजकुरासाठी सोडलेल्या जागेत ‘यात रेशनचे आणि आईच्या औषधाचे पैसे आहेत’ अशा दोन ओळी हटकून असायच्या, आणि आलेला पैसा कशासाठी आहे हे घरातल्यांना तेवढ्यावरून कळायचे. आज तीच मुले नवी मुंबईत किंवा पुण्यात बसून गावच्या आईवडिलांच्या मोबाइलचे रिचार्ज ॲपवरून भरतात. पैसा अजूनही येतो, त्या दोन ओळी मात्र गेल्या. भरणारा एकीकडे, वापरणारा दुसरीकडे, आणि नेमके काय भरले याविषयी दोघांत कधी बोलणेच होत नाही. आपल्या भागातील कितीतरी घरांत दरवर्षी पैसा वाया जातो तो यामुळेच, असे माझे ठाम मत झाले आहे आणि म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझी थोरली बहीण बामणोलीच्या अलीकडच्या एका गावात राहते. तिच्याकडे बटणाचा साधा फोन आहे आणि तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पडवीच्या खिडकीच्या गजाला टांगलेला असतो, कारण घरात रेंज येते ती तेवढ्याच जागी. मागच्या दिवाळीत भाऊबीजेला गेलो असताना मी सहज त्या फोनमधले मेसेज उघडले. सगळे इंग्रजीत आणि एकही न वाचलेला. त्यातील रिचार्जच्या मेसेजवरून समजले की भाचा दर २८ दिवसांनी २९९ रुपयांचा पॅक भरतो आणि त्यात रोज १ जीबी इंटरनेट मिळते. ज्या फोनवर इंटरनेट चालतच नाही, त्या फोनसाठी! आक्काला विचारले, तर ती म्हणाली, ‘मला काय कळतंय बाबा त्यातलं, पोरगं भरतंय.’ रात्री पोराला फोन लावला, तेव्हा त्याने सांगितले की ॲपमध्ये मागचाच पॅक पुन्हा समोर येतो, तो दाबायचा आणि मोकळे व्हायचे. त्याला दोष देण्याची माझी इच्छा नाही. बाजार समितीत पहाटेपासून ओझी वाहणाऱ्या मुलाने आईचा फोन एक दिवसही बंद पडू दिला नाही, याचे मला कौतुकच आहे.

पण हिशेब मांडल्यावर मला राहवेना. २८ दिवसांचा पॅक म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज, आणि २९९ गुणिले १३ म्हणजे ३,८८७ रुपये. त्यातून ३६४ जीबी इंटरनेट आक्काच्या नावावर जमा झाले आणि एकाही कणाचा वापर न होता संपले. याउलट फक्त कॉल आणि एसएमएस देणारा ३६५ दिवसांचा पॅक मी तिच्या नंबरवर १,८४९ रुपयांना भरला. फरक २,०३८ रुपयांचा पडतो. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे अनुदान १,५०० रुपये आहे, हे लक्षात घेतले म्हणजे खेड्यातील म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीने ही रक्कम केवढी आहे ते ध्यानात येईल. कोणी म्हणेल की १९९ रुपयांचाही पॅक मिळतो. तो तेरा वेळा भरला तर २,५८७ रुपये होतात, म्हणजे तरीही ७३८ रुपये जास्तच जातात.

हे फक्त बोलण्याचे पॅक कंपन्यांनी आपखुशीने आणलेले नाहीत. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २३ डिसेंबर २०२४ रोजी ग्राहक संरक्षण नियमांत बारावी दुरुस्ती केली आणि केवळ कॉल व एसएमएससाठी किमान एक विशेष व्हाउचर, म्हणजे रिचार्जचा पॅक, ठेवणे प्रत्येक कंपनीवर बंधनकारक केले. त्याचबरोबर अशा व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये पॅक आले. एका कंपनीने सुरुवातीला ८४ आणि ३६५ दिवसांच्या पॅकला अनुक्रमे ४९९ आणि १,९५९ रुपये लावले होते, पण या नव्या दरांची तपासणी करू असे ट्रायने म्हटल्यावर काही दिवसांतच ते ४६९ आणि १,८४९ रुपयांवर आले. त्या महिनाअखेरीस तिन्ही खासगी कंपन्यांचे ८४ दिवसांचे असे पॅक ४४८ ते ४७० रुपयांच्या दरम्यान होते. दर वरचेवर बदलतात, तेव्हा भरण्यापूर्वी त्या दिवसाचा दर अवश्य पाहावा.

नियम झाला, पण तो गावापर्यंत पोहोचलेला नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावरील एका दुकानात मी या पॅकची चौकशी केली, तेव्हा ‘काका, असला पॅक येत नाही, नेट घ्यावंच लागतं’ असे उत्तर मिळाले. मी तिथेच उभा राहून पुन्हा पाहण्याची विनंती केली, तेव्हा त्या मुलाने यादी खालपर्यंत सरकवली आणि पॅक अगदी तळाशी सापडला. त्याला स्वतःलाही नवल वाटले. मला तो मुलगा खोटे बोलत होता असे वाटत नाही. त्याला यादीचा वरचा भागच रोज दिसतो. जो पॅक सर्वांत गरजू माणसाच्या कामाचा, तोच यादीच्या तळाशी असावा, याचे मात्र फार वाईट वाटले.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. ट्रायने पॅक ठेवायला सांगितले, पण तो किती दिवसांचा असावा हे कंपन्यांवर सोडले, आणि खासगी कंपन्यांनी मुख्यतः ८४ दिवस व जवळजवळ वर्षभर अशाच मुदती पुढे केल्या. रोजंदारीवर भांगलणीला जाणाऱ्या बाईने एकरकमी १,८४९ रुपये कोठून आणायचे? ४६९ रुपयेसुद्धा तिला जड जातात. त्यामुळे ती १९९ रुपयेच भरत राहते, आणि ज्याच्याजवळ पैसा कमी त्यालाच दिवसाचा दर जास्त पडतो. जानेवारी २०२२ मध्ये ट्रायने ३० दिवसांचा आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला भरता येईल असा किमान एकेक पॅक ठेवण्यास कंपन्यांना भाग पाडले होते. तसाच महिन्याच्या मुदतीचा, फक्त बोलण्याचा पॅक मिळाला पाहिजे, ही माझी या पत्रातील मुख्य मागणी आहे.

वर्षाचा पॅक भरण्यापूर्वी एक सावधगिरी बाळगावी. त्या गावात त्या कंपनीची रेंज खरोखर नीट येते की नाही ते आधी पाहावे, कारण मध्येच कंपनी बदलली तर उरलेली मुदत आणि शिल्लक नव्या कंपनीकडे जात नाही. शंका असल्यास ८४ दिवसांचा पॅक घेऊन बघावा. कंपनी बदलायचीच असेल, तर पॅक संपत आल्यावर पोर्ट असे इंग्रजीत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० या क्रमांकावर एसएमएस करावा. येणारा आठ अक्षरी कोड चार दिवस चालतो. पॅक कितीही रुपयांचा असला तरी हा एसएमएस जाऊ दिलाच पाहिजे, असा ट्रायचा डिसेंबर २०२१ चा आदेश आहे. आपल्याकडे अनेकांची सिमकार्डे मुलांनी मुंबईत घेऊन दिलेली असतात. दूरसंचार खात्याच्या लेखी मुंबई आणि उर्वरित महाराष्ट्र ही दोन वेगळी मंडळे असल्याने अशा नंबरची कंपनी गावाकडे बदलायला तीनऐवजी पाच कामकाजाचे दिवस लागतात, तेवढ्यासाठी घाबरून जाऊ नये.

शहरातील वाचकांसाठी माझ्या स्वतःच्या फोनविषयीही लिहितो. नोकरीच्या काळात घेतलेले पोस्टपेड कनेक्शन मी निवृत्तीनंतरही सवयीने चालू ठेवले होते. प्लॅन ३९९ रुपयांचा, पण पोस्टपेडच्या दरावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागत असल्याने बिल ४७० रुपये ८२ पैशांचे येई. प्रीपेडच्या छापील दरात तो कर आधीच धरलेला असतो. शिवाय घरी मुलाने वाय-फाय घेतलेले असल्यामुळे त्यातील नेट जवळजवळ तसेच पडून राहायचे. पेन्शन आणि बँक याच नंबरला जोडलेली असल्याने तो हातचा जाईल या भीतीने मी अनेक वर्षे काहीच केले नाही. प्रत्यक्षात थकबाकी भरून तोच नंबर प्रीपेड करून घेता आला. पोस्टपेडसाठी अनामत भरलेली असेल, तर कनेक्शन बंद केल्यावर ठरावीक मुदतीत ती परत मिळाली पाहिजे, असा नियम आहे. ती मागून घ्यावी.

प्रीपेडमध्ये पैसे कोठे कापले जातात याचा संशय असल्यास मागील सहा महिन्यांच्या वापराचा तपशील जास्तीत जास्त ५० रुपयांत मागता येतो, आणि न मागितलेली कॉलर ट्यून किंवा तत्सम सेवा १५५२२३ या क्रमांकावरून बंद करता येते. आक्काच्या फोनवर अशी एक सेवा चालू होती. ती आम्ही बंद केली.

आपणांस एक विनंती आहे. चैत्रात आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या यात्रांसाठी मुंबई-पुण्याचे चाकरमानी घरी येतात. त्या आठवड्यात सर्व कंपन्यांच्या फक्त बोलण्याच्या पॅकचा चालू दरांसह मराठी तक्ता आपल्या जिल्हा पानावर ठळकपणे छापावा. ग्रामपंचायतींनी आणि रिचार्जच्या दुकानदारांनी तो कापून दर्शनी भागात लावला, तर भरणारा आणि वापरणारा निदान एकदा तरी त्याच्यासमोर एकत्र उभे राहतील.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
सदरबझार, सातारा