बाबा, तारीख घेतली आहे

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबांच्या प्रोस्टेटच्या ऑपरेशनची तारीख घेऊन टाकली, तुम्हाला न विचारता. रागवा, पण पत्र पुरतं वाचून मग.

बाबा, ‘गोळीवर चाललंय की’ हे तुमचं म्हणणं अर्धं खरं आहे. तुमच्या त्या टॅम्सुलोसिनच्या गोळीने मूत्राशयाखालच्या प्रोस्टेट ग्रंथीचे स्नायू सैल पडतात, लघवीची धार सुधारते. ग्रंथी वाढायची ती वाढतेच. 2003 साली या आजाराच्या औषधांच्या एमटॉप्स नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. 3047 पुरुष, सरासरी साडेचार वर्षं. तुमच्या गोळीच्याच जातीची डॉक्साझोसिन एकटी घेणाऱ्यांचा त्रास कमी झाला, पण लघवी तुंबण्याचा किंवा ऑपरेशनची पाळी येण्याचा धोका काही दीर्घकाळ टळला नाही. ग्रंथी आक्रसवणारी फिनास्टेराइड जोडीला दिली तेव्हा आजार बळावण्याचा धोका 66 टक्क्यांनी उतरला. ती आपण वेळेत सुरू करायला हवी होती, ही चूक माझी. आता तिचा गुण यायला सहा महिने लागणार, आणि तुमची लघवी दोनदा तुंबलीय, दुसऱ्या खेपेला तर लघवीसाठी घातलेली नळी काढल्यावरही उतरली नाही. थांबायचं म्हणजे नळी बाळगून थांबायचं. मूत्राशय ताणून ताणून थकलं, तर नंतर वाट मोकळी करूनही जोर येत नाही.

लघवीच्या त्रासाला गुण देणारा सात प्रश्नांचा तो कागद मी पाहिलाय. 11 लिहून खोडलंत, खाली 24. वीस किंवा त्याच्या वर म्हणजे त्रास तीव्र, बाबा.

अण्णांच्या वेळचं मनात आणू नका. हे दुर्बिणीतून, पोटावर टाका नाही, कमरेखाली बधिर करून. पूर्वी आत ग्लायसीनचं पाणी सोडत, ते रक्तात शिरून सोडियम घसरायचं. आता ग्रंथी विजेने खरवडणाऱ्या बायपोलर यंत्राला सलाइन चालतं, त्यामुळे ती भीती जवळजवळ गेली. वीर्य पुढे न येता मूत्राशयात जाईल, त्याने अपाय नाही. यावर मुलाने एवढंच लिहावं.

घरी आल्यावर माझ्या खोलीत झोपा, संडास चार पावलांवर आहे. अंधारात हात धरून मला न्यायचात ना? मग रात्री दिवा लावायला लाजू नका.

आई, नळी असेतो पिशवी कायम कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकू देऊ नकोस. नळीला पीळ पडला की लघवी अडते आणि दुखतं, आधी तेच बघ. दहा-चौदा दिवसांनी आतली खपली सुटते, लघवी पुन्हा लाल दिसेल. थेंबभर रक्तानेही भांडं रंगतं. घाबरू नकोस, पाणी वाढव. गुठळ्या पडून लघवी थांबली, किंवा थंडी वाजून ताप आला, तर मात्र सकाळची वाट बघायची नाही. मला फोन नंतर, आधी दवाखाना.

बाबा, सहा आठवडे भरलेली बादलीसुद्धा उचलायची नाही. कुंथायचं नाही, पोट साफ व्हायचं औषध लिहून घेतलंय. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील, मनाने बंद करू नका. सर्दीची गोळी कुणाकडूनही मागून घेऊ नका, तिनेही लघवी तुंबते. आणि मोतीबिंदूच्या डॉक्टरांना टॅम्सुलोसिनचं सांगा, ती बंद झाली असली तरीही. तिने बाहुलीभोवतीचा पडदा लुळा पडतो, त्यांना आधी कळलं तर ते तयारीत राहतात. फाइलच्या पहिल्या पानावर मी लाल पेनने लिहिलंय. ते पान काढून ठेवू नका.

तुमचा,
बाळ्या