बंड्यास पत्र

कोल्हापूर, रविवार

प्रिय बंड्या,

तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून शिव्या घालत असशील. घाल. इकडं सगळं ठीक. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर. झालं.

लिहायला बसलोय ते वर्गातल्या एका पोरापायी. बायकोला सांगितलं तर म्हणाली, "तुम्ही उगाच डोक्यात घेताय." स्टाफरूममध्ये काढलं तर त्याचा ठरावच होईल. राहिलास तू.

यंदा माझ्याकडं नववी आहे. पोषण आहार आठवीपर्यंतच असतो. सहावी ते आठवीला माणशी 150 ग्रॅम तांदूळ, वर डाळ आणि भाजी, म्हणजे 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं, असा कागदावरचा हिशोब. खिचडी कधी करपते, कधी पातळ होते, पण ताट सगळ्यांचं एकच असतं. नववीत गेलं की ते बंद. गेल्या वर्षी एका रांगेत जेवणारी पोरं आता झाकण आडवं धरून डबा खातात. मला ते बघवेना, म्हणून शनिवारची अंगतपंगत काढली. सगळ्यांनी आणलेलं मध्ये ठेवायचं. शेंगदाणे-गूळ, भाकरी, उसळ, काकडी, केळी, राजगिऱ्याचा लाडू, काहीही चालेल. फक्त पाकिटातलं नको.

सुरुवात झकास झाली. एका पोरीनं असला खर्डा आणला की पुढचा तास मी नुसता फळ्याकडं तोंड करून उभा. (तुझ्या लग्नात तांबडा रस्सा पिऊन तुला मंगलाष्टकांनंतर उचकी लागली होती, तसंच.)

आता ते पोरगं. ते दर शनिवारी 5 रुपयांचं कुरकुरीत पाकीट आणतं. आणतं ते खिशातून, आणि मध्ये ठेवण्याआधी फोडून वहीच्या कागदावर ओतून घेतं, पाकीट दिसू नये म्हणून. लगेच पहिल्या बाकावरची हुशार जमात: "सर, हे चालत नाही ना?" आणि गंमत बघ, सगळ्यात आधी संपतं तेच. नियम सांगणाऱ्यांचाच हात पहिला.

त्याची आई पहाटे शिरोलीला जाते, कारखान्याच्या कॅन्टीनात चपात्या लाटायला. घरात दुसरं मोठं माणूस नाही. आता मी त्याला काय सांगू, तेल-मीठ वाईट असतं? त्याला माहीत आहे. मीच शिकवलंय. शाळेपासून 50 मीटरच्या आत असलं खाणं विकू नये असा 2020 चा केंद्राचा नियमही आहे, आणि आमच्या फाटकासमोरच्या टपरीवर पाकिटांच्या माळा लग्नघरासारख्या लटकतात. टपरीवाल्याला कुणी बोलत नाही. सापडतं ते पोरगं.

एक बाई म्हणाल्या, "तुम्हीच दोन चपात्या जास्त आणा की त्याच्यासाठी." तिथं मला तू आठवलास. सहावीत तू डब्याऐवजी आणायचास तो बिस्किटपुडा, आणि माझ्या आईनं तुझ्यासाठी दिलेली भाकरी. "तुझ्या आईला सांग, माझ्या आईला स्वयंपाक येतो," असं म्हणून रंकाळ्यापर्यंत माझ्याशी एक शब्द न बोलता चालत गेला होतास. मी अजून म्हणतो, माझ्या आईचं काही चुकलं नाही. तू अजून म्हणतोस, चुकलं. ते भांडण राहू दे बाजूला.

आमचे हेडमास्तर दर 26 जूनला, शाहू जयंतीला, गंगाराम कांबळ्यांच्या हॉटेलातला शाहू महाराजांचा चहा सांगतात. गंगाराम दलित, म्हणून त्यांच्या हातचा चहा लोक पीत नव्हते. इतकी वर्षं ऐकतोय, पण यंदा डोक्यात शिरलं ते वेगळंच. महाराजांनी त्यांना वाड्यावर बोलावून चहा पाजला असता तर ती नुसती मेहेरबानी झाली असती. ते स्वतः जाऊन प्याले. चहा गंगारामांचा होता. या पोराचं घ्यायचं तर काय घ्यायचं, ते मला सुचेना.

आता एक करून बघतोय. घरून काही आणायचंच नाही. वर्गणीही नाही, मटकी मी आणतो, ती वर्गाची म्हणून. गुरुवारी वर्गातच भिजवायची, शुक्रवारी फडक्यात बांधायची, शनिवारी कांदा-लिंबू-कोथिंबीर घालून खायची. कुणी पाणी बदलायचं, कुणी कांदा चिरायचा. पोरगं कांदा चिरतं, बारीक आणि भरभर, डोळ्यांतून टिपूस नाही. पण काल खाऊन झाल्यावर हळूच विचारतं, "सर, परत डबे कधी आणायचे?" त्याला आणायचंय रे! ज्याला वाचवायला नियम बदलला, त्याच्याच हातातलं मी काढून घेतलं की काय, कळेना. परत डबे सुरू केले तर पाकीट येणार, मग त्या पाकिटाचं मी काय करू?

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींची बदली थांबली का? धाकटीच्या दहावीचा ताण तू घेऊ नकोस, तिला घेऊ दे.

मला एवढंच सांग: त्या वेळी तुझ्या बिस्किटांचं आम्ही काय करायला हवं होतं? फोन करू नकोस, फोनवर तू विषय बदलतोस. लिहून पाठव, आणि शनिवारच्या आत.

तुझा,
मास्तर