बेदाण्याच्या शेडवरून कामगारमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कामगारमंत्री,
सादर नमस्कार.

माझी आई तासगाव तालुक्यात बेदाण्याच्या शेडवर निवडीला जाते. बारावीनंतर दोन हंगाम मीही गेले. द्राक्षं जाळीवर पसरायची, वाळली की काड्या काढायच्या, काळा माल वेगळा करायचा. गड्याची हजेरी, म्हणजे दिवसाची मजुरी, आमच्या दीडपट. विचारलं तर मालक म्हणाले, "बायांचं काम हलकं असतं." क्रेट आम्हीही ओढत होतो, पण ते वहीत यायचं नाही.

आता मी सांगलीत कायदा शिकते. समान वेतनाचा कायदा १९७६ चा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी वेतन संहिता आली. काम तेच किंवा तशाच स्वरूपाचं असेल तर बाईला कमी देता येत नाही, हे दोन्हींत आहे. मुंबईच्या एका कंपनीतल्या स्टेनोग्राफर ऑड्री डिकॉस्टा १९७६ च्याच कायद्यावर १९८७ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या. त्यांच्या पगाराची कागदोपत्री नोंद होती. आईकडे मुकादमाच्या वहीतली एक रेघ आहे.

ऊसतोडीत तर तीही नाही. नवराबायको मिळून एक 'कोयता', म्हणजे दोघांची मिळून एकच जोडी धरतात. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, आणि टनाचा हिशेब नवऱ्याच्या नावे. तिची मजुरीच लिहिलेली नाही, तर तुलना कशाशी करायची?

आणि जात. समान वेतनाच्या कलमात लिंगभेदाला मनाई आहे, जातीचा उल्लेख नाही. आमच्या शेडवर झाडलोट कुणी करायची, हे बाई कुठल्या वस्तीतून आली यावर ठरायचं. अमेरिकेत १९६३ साली समान वेतनाचा कायदा झाला, तेव्हा घरकाम आणि शेतमजुरी करणाऱ्या बाया त्याबाहेर होत्या. कृष्णवर्णीय बायांच्या वाट्याला पिढ्यान् पिढ्या हीच कामं आलेली. घरकामगारांना किमान वेतनाचं संरक्षण मिळायला १९७४ उजाडलं. तिथे जे वगळणं कायद्यात लिहून झालं, ते इथे न लिहिता होतं.

साहेब, तक्रारीची वाट बघू नका. तक्रार करणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशी मजुरांच्या गाडीत जागा नसते. माझ्या दोन हंगामांत शेडवर एकही अधिकारी आला नाही. फेब्रुवारी ते एप्रिल तपासणी लावा, न कळवता. हजेरीवही मागा, आणि मालक व मुकादम समोर नसताना बायांशी बोला. कोयत्याच्या करारावर बाईचं नाव आणि तिची मजुरी वेगळी लिहायला लावा.

मार्चमध्ये स्वतः या. आई सकाळी आठला शेडवर असते.

आपली,
निवडीवरच्या एका बाईची लेक
तासगाव तालुका, जि. सांगली