जोन सदरलँडचं खूळ

प्रिय आई-बाबा,

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत ना, की ऑपेरा हाऊसमधे जाऊन एवढं काय ऐकतेस, कळतं तरी का काही, तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पण आम्ही जातो त्या थिएटरला २०१२ पासून जोन सदरलँड या ऑपेरा (गाण्यातूनच चालणारं नाटक) गायिकेचं नाव आहे आणि सध्या मला या बाईचं खूळ लागलंय, त्यामुळे आता तुम्हाला ऐकावंच लागेल :)

बाई इथलीच, सिडनीची, जन्म १९२६चा. वडील टेलर होते, ते नेमके हिच्या सहाव्या वाढदिवसालाच गेले. आई घरी रियाज करायची, आवाज उत्तम, पण गाण्याचं करिअर काही केलं नाही, आणि ही पोरगी बाजूला बसून सगळं उचलायची. मग सेक्रेटरीची नोकरी, गाण्याच्या स्पर्धा, त्यातून पैसे जमवून १९५१ला आईला घेऊन थेट लंडन. तिथल्या कॉव्हेंट गार्डन या मोठ्या ऑपेरा हाऊसवाल्यांनी आधी नाहीच म्हटलं, मग १९५२ला घेतलं ते किरकोळ कामांना. त्याच वर्षी तेव्हाची नामांकित गायिका मारिया कॅलास तिथे 'नॉर्मा' हा ऑपेरा करायला आली तेव्हा जोनने त्यात तिच्या सखीची भूमिका केली होती, काम इतकुसं.

आता खरी गंमत. तिला स्वतःला आणि तिच्या आईलाही वाटायचं की हा आवाज दणदणीत, वाग्नर या जर्मन संगीतकाराच्या ऑपेरांतल्या भारी भूमिकांचा. पण सिडनीचाच एक पियानोवाला पोरगा, रिचर्ड बॉनिंग (पुढे १९५४ला त्याच्याशीच लग्न केलं), तो म्हणे छे, हा गळा वर जाणारा आहे, ताना घेणारा. ही ऐकेना. मग पठ्ठ्या काय करायचा तर रियाजाला बसल्यावर तिला न सांगता पियानोवर पट्टी चढवायचा, तिला सूर ऐकून पट्टी ओळखता यायची नाही, आणि आपण रोजचंच गातोय अशा समजुतीत ती कधी गायली नव्हती इतक्या वर जाऊन यायची. आई, हे मला इतकं आवडलं ना की मी दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले होते.

असं करत १९५९चा फेब्रुवारी उजाडला. ऑपेरा 'लुसिया', दिग्दर्शक झेफिरेल्ली. त्यात लग्नाच्या रात्री नवऱ्याला मारून, रक्ताळलेल्या कपड्यांत, भान हरपलेली लुसिया पाहुण्यांपुढे येते आणि बराच वेळ बासरीशी सवालजवाब केल्यासारखी गाते, माईक नाही काही नाही, सगळ्या वाद्यांच्या वरून आवाज पार शेवटच्या रांगेपर्यंत. रंगीत तालमीला खुद्द कॅलास प्रेक्षकांत होती! जोनचं वय बत्तीस, आणि तिथून बाई जगाची झाली. पुढच्या वर्षी व्हेनिसला इटालियन लोकांनी 'ला स्तुपेंदा' (थक्क करणारी) नाव ठेवलं, १९६१ला न्यूयॉर्कचं मेट, म्हणजे तिथलं मोठं ऑपेरा हाऊस.

नावं ठेवणारेही होते. शब्द तोंडातल्या तोंडात राहतात म्हणायचे, आणि ते खरंच आहे, बाबा तुम्ही तर पहिल्या पाच मिनिटांत म्हणाल की नाट्यगीतात असलं चाललं नसतं. मला मात्र त्या ताना ऐकताना शब्दांची आठवणच होत नाही.

स्वभाव एकदम साधा, तालमीत मोकळा वेळ मिळाला की भरतकाम घेऊन बसायची (आई, तुझीच बहीण). उंची मात्र चांगलीच, त्यामुळे १९६५च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्याला शोभेल असा उंच हिरो हवा म्हणून एक नवखा इटालियन गायक नेला, तो म्हणजे पुढे जगभर गाजलेला पाव्हारॉटी. तो तिच्या पोटावर, बरगड्यांवर हात ठेवून बघायचा श्वास कुठून येतो ते, आणि तिच्याकडून शिकलो असं पुढे स्वतः सांगायचा.

२ ऑक्टोबर १९९० ला इथेच, सिडनीत, शेवटचा ऑपेरा गायली. ६३ व्या वर्षी! २०१० ला स्वित्झर्लंडमधे गेली.

बाबा, लुसियाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर पाठवतेय, मोबाईलच्या स्पीकरवर ऐकू नका हां, दादाने दिलेले हेडफोन लावा, आणि पहिल्या किंकाळीला बंद न करता बासरी येईपर्यंत थांबा. आई, तुझा गुडघा आता कसा आहे ते कळव, "बरा आहे" एवढंच लिहू नकोस.

तुमची,
मनी