पुण्याच्या बोहरी आळीतल्या त्या हार्डवेअरवाल्या काकांना, कागद कोरडा राहिला म्हणून

काका, नमस्कार.

तुम्ही स्वतः हे वाचाल असं वाटत नाही, तुमचा मोबाइल कायम गल्ल्यावर उपडा पडलेला असतो, पण तुमचा पुतण्या वाचून दाखवेल. मी तो निळा कूलर काखेत घेऊन आलेला माणूस. कूलर म्हणजे वाऱ्याचा नाही हो, लग्नात पाण्याला ठेवतात तो जाड भिंतीचा, 25 लिटरचा.

बाकीच्यांना जरा सांगायला हवं. बायको घरून पाव करते, ऑर्डरी असतात, आणि त्यात घालायला मॉल्टचं सिरप लागतं जे बाहेर फार महाग पडतं. ते घरी करायची युक्ती बिअर बनवणाऱ्यांची आहे, भरडलेलं बार्लीचं मॉल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) 66-67 डिग्रीच्या पाण्यात तासभर झाकून ठेवायचं, स्टार्चची साखर होते, मग खालच्या कॉकमधून ते गोड पाणी काढून आटवायचं. आपल्याकडे बिअर घरी करायची तर परवान्याचा प्रश्न, त्यामुळे आमचं काम पावापाशी संपतं. हे मी एका आठवड्यात किमान पाच दुकानांत समजावून सांगितलं आणि पाचही ठिकाणी समोरचा माणूस गालातल्या गालात हसला. एकाने तर मागे वळून पोराला सांगितलं, "अरे साहेबांना भट्टीचा माल दाखव." माझ्याबरोबर माझी मुलगी होती.

असो. तर कूलरचा प्लास्टिकचा नळ काढून तिथे धातूचा कॉक बसवायचा, एवढंच काम. पहिल्या दुकानात जीआयचा, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाचा, निप्पल (कॉक जोडायचा आट्यांचा छोटा पाइप) दिला, म्हणाले हाच चालतो, सगळे हाच नेतात. सगळे नेत असतील पाण्याच्या टाकीला, पण मॉल्टचं पाणी गरम आणि थोडं आंबट असतं, त्यात जस्ताचा मुलामा उतरतो, ते पावात कोण खाणार? दुसरीकडे पितळी दिला, पितळ बरं दिसतं पण त्यात कातायला सोपं जावं म्हणून शिसं मिसळलेलं असू शकतं. तिसऱ्याने मॅग्नेट काढून लावला, चिकटला नाही, "बघा, ओरिजिनल स्टील!" म्हणून मोकळा. मीही फसलो, घेऊन आलो.

त्यात भर म्हणजे अमेरिकेतल्या भाच्याने तिकडच्या किटमधला निप्पल आणून दिला होता. अर्धा इंची. इथला कॉक पण अर्धा इंची. तीन आटे झकास बसले आणि मग अडकलं ते अडकलंच. सगळ्या दुकानांत एकच औषध, टेप गुंडाळा, अजून गुंडाळा, सफेदा लावा. गुंडाळली की! पंधरा वेढे असतील. तरी गळलं, आणि गळलं ते बाहेर नाही, आत, कूलरच्या दोन भिंतींमधल्या फोममध्ये. चार दिवसांनी असा वास सुटला की सासूबाई म्हणाल्या उंदीर मेलाय. तो कूलर गेला भंगारात.

मग दुसरा कूलर घेऊन मी तुमच्या दारात. तुम्ही मला हसला नाहीत. तुम्ही विचारलंत, "आत काय भरणार? किती गरम?" बस. हे दोन प्रश्न आधी एकानेही विचारले नव्हते काका, एकानेही.

भाच्याचा निप्पल बोटांत फिरवून तुम्ही म्हणालात हा तिकडच्या आट्यांचा, एनपीटी, आपल्याकडचे आटे वेगळे, बीएसपी, दोन्हीत इंचाला 14 च आटे म्हणून सुरुवातीला बसल्यासारखा वाटतो, पण एकाच्या आट्याचा कोन 60 चा, दुसऱ्याचा 55 चा, जाडीत अर्धा मिलीमीटरसुद्धा फरक नाही पण तेवढ्यानेच घोळ होतो. मॅग्नेटवाल्या कॉकबद्दल मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत, नुसते हसलात, मग म्हणालात 202 नावाच्या स्वस्त स्टीलला पण मॅग्नेट चिकटत नाही, कॉकच्या अंगावर काय कोरलंय ते बघायचं, 304 नाहीतर सीएफ8, म्हणजे तेच ओतीव. मी घरी जाऊन बघितलं. माझ्या कॉकवर काहीच कोरलेलं नव्हतं.

बरं हे ज्ञान झालं, ज्ञान कुठेही मिळतं. स्टीलचा टँक निप्पल, वायसर, चेकनट तुम्ही बसवून दिलंत, पैसे दिले, मी निघालो. आणि तुम्ही म्हणालात, "थांबा हो, गळतं का बघू." मी म्हटलं घरी बघतो. तर म्हणालात, गार पाण्यात नाही कळणार, गरमात वायसर मऊ पडतो, तेव्हा खरं काय ते कळतं. आणि पोराला शेजारच्या टपरीवर पाठवलंत, "दोन किटल्या उकळतं पाणी आण, चहा नको, नुसतं पाणी." टपरीवाला बाहेर येऊन बघून गेला, काय चाललंय म्हणून.

कूलर दोन डब्यांवर ठेवलात. नटच्या खाली सकाळचा पेपर घडी करून सरकवलात. मला स्टूल दिलंत. "पंधरा मिनिटं बसा. कागद सांगेल."

दुकानात गिऱ्हाईक येत होतं, तुम्ही माल देत होतात, मध्येच वाकून कागद बघत होतात. आठव्या-नवव्या मिनिटाला रुपयाएवढा ओला डाग. मला वाटलं आता म्हणणार टेप गुंडाळा. तुम्ही सगळं पाणी गटारात ओतलंत, नट सोडलात, स्वतःशीच म्हणालात, "मीच फार आवळलं, भिंत दबली," आणि बाहेरचा काळा वायसर काढून आतल्या बाजूने सिलिकॉनचा घातलात, म्हणजे पाणी भिंतीच्या भोकापर्यंत पोचायलाच नको. परत दोन किटल्या. परत कोरडा कागद. परत पंधरा मिनिटं.

"मीच फार आवळलं." साठीच्या पुढचा दुकानदार, चार गिऱ्हाइकांसमोर, वीस रुपयांच्या वायसरसाठी हे बोलतो. इथे गाडी अंगावर घालून वर आपल्यालाच "दिसत नाही का" विचारणारी माणसं रोज भेटतात. माझ्या ऑफिसात एक मेल चुकली तर ती कोणाची हे ठरवायला मीटिंग बसते. आणि हा माणूस सहज म्हणून टाकतो आणि पुढच्या कामाला लागतो, जसं काही विशेष नाहीच. मी त्या स्टुलावर बसून उगाच शटरकडे बघत राहिलो, डोळ्यांत पाणी आलं होतं, खरं सांगतो, कॉकपायी.

दुसऱ्या वेळच्या किटल्यांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, वायसरचेही नाही. "चूक माझी होती ना."

रविवारी पहिलं मॉल्ट लावलं. तासाभरात दीड डिग्री उतरली, फक्त. खाली पेपर ठेवला होता, सवय लागली आता. कोरडा. बायको विचारत होती हा कालचा पेपर जपून का ठेवलायस, तो तुमच्या दुकानातला दुसरा आहे, डाग नसलेला.

शनिवारी सकाळी येतोय, पाव घेऊन. टपरीवाल्यालाही एक. आणि काका, ते वीस रुपये तेव्हा घ्या, नाहीतर मुलगी म्हणते ती स्वतः गल्ल्यात टाकून येणार.

तुमचा,
निळा कूलरवाला