भाड्याच्या घरांचे व्यवहार सांभाळणाऱ्या महिलांनाही पुरस्कार द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

महिला दिन जवळ आला की बांधकाम आणि मालमत्ता क्षेत्रातल्या कर्तबगार महिलांच्या सत्काराच्या बातम्या वाचायला मिळतात. बांधकाम कंपनीच्या संचालिका, वास्तुविशारद, अंतर्गत सजावटकार, विक्री विभागाच्या प्रमुख. त्यांचा सन्मान व्हायलाच हवा. पण त्या यादीत भाड्याच्या घरांचे काम करणारी बाई मला आजवर दिसलेली नाही. आपल्या वृत्तपत्राने ही उणीव भरून काढावी, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात घरपोच भाडेकरार नोंदवून देण्याचे काम करते. थंब मशीन, वेबकॅम आणि लॅपटॉप घेऊन मालकाच्या आणि भाडेकरूच्या घरी जायचे, दोघांचे ठसे आणि फोटो घ्यायचे, चलन भरायचे, दस्त सबमिट करायचा. या कामामुळे भाड्याच्या व्यवहारातल्या बायका मला रोज भेटतात. कुणी एजंट आहे. कुणी परदेशी गेलेल्या भावाचे आणि दिराचे फ्लॅट सांभाळता सांभाळता अख्ख्या सोसायटीचे फ्लॅट सांभाळू लागली आहे. सदाशिव आणि नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेच्या मुली कॉट बेसिसवर, म्हणजे दर कॉटमागे भाडे घेऊन, ठेवणाऱ्या काकू आहेत, हॉस्टेलच्या रेक्टर आहेत. कॉलेजे सुरू होण्याच्या दिवसांत यांच्यापैकी कुणालाही दुपारचे जेवण वेळेवर मिळत नाही.

गेल्या पावसाळ्यात वारज्यात एका आजींच्या फ्लॅटचा करार होता. आजींचा अंगठा मशीनवर काही केल्या उमटेना. आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, आम्हाला हे नेहमीचेच. भाडेकरू मुलाला शिफ्टला जायची घाई होती. व्यवहार जुळवणाऱ्या एजंट ताईंनी आजींचे हात कोमट पाण्यात बुडवून घेतले, स्वच्छ पुसले आणि एकेक बोट ठेवून पाहायला सांगितले. मधले बोट उमटले. तोवर त्यांनी करारातली कलमे आजींना मराठीत वाचून दाखवली होती. नोटीस किती दिवसांची, मेंटेनन्स कुणाकडे, रंगकामाचा खर्च कुणाचा. आजींनी भीत भीत विचारले, ‘‘घर अडकणार नाही ना गं?’’ ताई म्हणाल्या, ‘‘नाही आजी. मुदत संपली की घर तुमच्या ताब्यात. सोडलं नाही तर दुप्पट दराने पैसे मागायचा हक्क कायद्यानेच दिलाय तुम्हाला.’’ मग मुलाकडे वळून म्हणाल्या, ‘‘आणि तुमचं डिपॉझिट चावी द्याल त्याच दिवशी परत. तेही करारात घेतलंय.’’ निघण्यापूर्वी त्यांनी गिझर, नळ, खिडक्यांच्या जाळ्या, वीजमीटरचे रीडिंग या सगळ्याचे फोटो काढून तिघांच्या ग्रुपवर टाकले. घर सोडताना डिपॉझिटवरून जी भांडणे होतात, त्यांतली बहुतेक अशा फोटोंमुळे सुरूच होत नाहीत. या ताईंना ब्रोकरेज एकदाच मिळते. गळती, बंद पडलेली लिफ्ट, वरच्या मजल्याशी झालेली वादावादी यांचे फोन मात्र पुढचे अकरा महिने त्यांनाच येतात.

या कामावर कुणाची देखरेख आहे का, हेही पाहायला हवे. महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे नोंदणी आणि २०२३ पासून सक्तीचे झालेले प्रशिक्षण व परीक्षा हे सगळे प्रकल्पातली घरे विकणाऱ्या एजंटांसाठी आहे. फक्त भाड्याची घरे दाखवणाऱ्याला त्यातले काहीच लागू नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. त्यात कसूर केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. वाद झाला आणि नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे आहे हे मालकाने सिद्ध करायचे. तरीही ‘‘अकरा महिन्यांचाच तर आहे, नोंदणी कशाला?’’ हे वाक्य मला सतत ऐकावे लागते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चुकीची आहे. आणि खर्च तरी किती? भाडे २० हजार आणि डिपॉझिट ६० हजार असेल तर अकरा महिन्यांसाठी मुद्रांक शुल्क ६०० रुपयांच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये. एवढ्यासाठी नोटरीच्या कागदावर काम भागवणारे एजंट मी पाहते, तेव्हा मालकाशी वाद घालून नोंदणी करून घेणाऱ्या बाईची किंमत कळते. ती गिऱ्हाईक गमावण्याचा धोका पत्करून कायदा पाळत असते.

एकट्या राहणाऱ्या मुलींच्या दृष्टीने तर हा प्रश्न फार जवळचा आहे. नोकरीसाठी आलेल्या मुलीने अनोळखी माणसाबरोबर संध्याकाळच्या वेळी रिकामे फ्लॅट बघत फिरायचे, हे तिला आणि गावाकडे फोनजवळ बसलेल्या तिच्या आईला किती जड जाते, ते मी जवळून पाहिले आहे. बरोबर बाई असली की मुलगी मोकळेपणाने विचारते. दाराला आतून कडी नीट लागते का, जिन्यात दिवा असतो का, शेजारी कोण राहते. घटस्फोटित आणि विधवा बायकांना तर घर दाखवण्याआधीच चौकशीला तोंड द्यावे लागते. नवरा कुठे असतो? घरी कोण कोण येणार? जातीधर्माची आणि खाण्यापिण्याची चौकशी वेगळीच. अशा वेळी सोसायटीच्या कमिटीसमोर उभे राहून ‘‘पोलिसांकडे माहिती दिली आहे, करार नोंदवला आहे, आता आणखी काय हवे?’’ असे ठामपणे विचारणाऱ्या एजंट बायका मला माहीत आहेत. एकट्या बाईला घर मिळते ते या एका प्रश्नामुळे.

बाई आहे म्हणजे व्यवहार चोख असणारच, असे माझे म्हणणे नाही. डिपॉझिट महिनोन्महिने अडकवून ठेवणाऱ्या आणि मुलींच्या येण्याजाण्यावर नको इतका पहारा ठेवणाऱ्या बायकाही आहेत. म्हणून तर चांगले काम निवडून पुढे आणण्याची गरज आहे.

हे काम बायकांनी पेशा म्हणून करण्याचा इतिहास जुना आहे. लंडनमध्ये १८६५ साली ऑक्टाव्हिया हिल यांनी लेखक आणि कलासमीक्षक जॉन रस्किन यांच्या पैशातून मेरिलबोन भागातली तीन मोडकळीला आलेली घरे हाती घेतली. गुंतवणुकीवर पाच टक्के परतावा द्यायचा आणि उरलेला पैसा दुरुस्तीला लावायचा, असा त्यांचा हिशेब होता. दर आठवड्याला भाडे गोळा करायला त्या स्वतः जात आणि पुढे त्यांनी या कामासाठी बायकांनाच शिकवून तयार केले. भाडे थकवले तर त्या कुणाची गय करत नसत, त्यावर टीकाही झाली. पण या कामाला शिक्षण लागते, शिस्त लागते, हे त्यांनी दाखवून दिले. त्या बायकांच्या संघटनेतून आलेला धागा आज ब्रिटनमधल्या गृहव्यवस्थापकांच्या अधिकृत संस्थेपर्यंत पोहोचतो. आपल्याकडे असा पेशा कधी मानलाच गेला नाही. ‘‘घरबसल्या चार पैसे मिळवते’’ एवढ्यावर विषय संपतो.

गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचेही असेच होते. हजारो कामगारांना जेवू घालूनही त्या कुणाच्या हिशेबात नव्हत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या कामाला उद्योग म्हणून ओळख मिळाली. कॉट बेसिसवर मुली ठेवणारी काकू आज त्याच जागी उभी आहे. सरकारने १ एप्रिल २०२१ पासून महिलेच्या नावावरच्या घरखरेदीला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत दिली, तिचा गाजावाजाही झाला. घर विकत घेणाऱ्या बाईची दखल घेतली गेली. ते घर भाड्याने देऊन, नीट राखून चालवणारीची अजून नाही.

पुरस्कार द्यायचा तर तो कसा द्यावा, याबद्दल माझी काही ठाम मते आहेत. प्रवेश शुल्क एक रुपयाही नसावे. शुल्क भरून मिळणारे पुरस्कार मोठ्या कंपन्यांकडेच जातात. निवड उलाढालीवरून करू नये. किती करार नोंदणीकृत केले, किती डिपॉझिटे वेळेत परत गेली, एकट्या बायकांना किती घरे मिळवून दिली, हे विचारावे. नोंदणीची माहिती कागदावर असते, ती तपासता येते. बाकीचे भाडेकरूंना फोन करून विचारावे आणि नाव सुचवण्याचा हक्कही त्यांनाच द्यावा. निवड समितीत एक वकील, एक घरमालक आणि सध्या भाड्याच्या घरात राहणारी एक मुलगी असावी. फक्त पुण्या-मुंबईतल्या बायकांचा विचार होऊ नये. लातूरला शिकवणीसाठी येणाऱ्या मुलींना घरात ठेवणाऱ्या बायकाही त्यात याव्यात.

मी स्वतः या व्यवहारात आहे, त्यामुळे माझे नाव विचारात घेऊ नये, हे इथेच सांगते.

महिला दिनाला निकाल द्यायचा तर डिसेंबरमध्ये अर्ज मागवावे लागतील. अर्ज मराठीत, एका पानाचा आणि मोबाइलवरून भरता येईल असा ठेवावा. यातल्या बहुतेक बायकांकडे ना लेटरहेड आहे ना ऑफिस. त्यांचा सगळा कारभार फोन, एक वही आणि चाव्यांच्या जुडग्यावर चालतो.

आपली विश्वासू,
एक वाचक,
कर्वेनगर, पुणे