हात घालू का, असं विचारणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

तुम्ही निघालात तेव्हा तुमचे नीट आभार मानता आले नाहीत. घसा दाटून आला होता. म्हणून हे पत्र.

तुम्ही आलात तेव्हा समुद्री मासे नि प्रवाळ ठेवलेली माझी टाकी बघवत नव्हती. पांढऱ्या वाळूवर लाल-जांभळी बुळबुळीत साय धरली होती. दिवे चढले की तिच्यात प्राणवायूचे बुडबुडे अडकून बसायचे. नळीनं ओढली तर अख्खा पापुद्रा निघायचा, आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. झोएंथिड, म्हणजे फुलांसारखी तोंडं उघडणारे प्रवाळासारखे जीव, मिटून बसले होते.

तुमच्याआधी तिघांना विचारलं होतं. एकानं औषधाची बाटली विकली. दुसरा फोटो न बघताच म्हणाला, 'शेवाळ आहे, गोगलगाई सोडा.' ते शेवाळ नाहीच, सायनोबॅक्टेरिया म्हणजे जीवाणू आहेत, हे मला तुमच्याकडून कळलं. तिसऱ्यानं अँटिबायोटिकची पूड हातावर ठेवली, पण पाण्यात हवा वाढवा, एवढंही सांगितलं नाही. साय मेली, सडली, रातोरात पाण्यातला प्राणवायू संपला. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकत होते. सहा वर्षं सांभाळलेला क्लाऊनफिश गेला. त्याला फोन केला तर म्हणाला, 'छंद आहे, एवढं चालायचंच.' ते वाक्य अजून टोचतं. आणि तीन आठवड्यांत साय परत आली.

तुम्ही आलात आणि खुर्ची ओढून टाकीसमोर बसलात. बराच वेळ काही बोलला नाहीत. मग उठलात, अंगठी काढून ठेवलीत, बाह्या सरकवल्यात आणि साबण न लावता, नुसत्या पाण्यानं कोपरापर्यंत हात धुतलेत. एकदा नाही, तीनदा. आणि मला विचारलंत, 'हात घालू का?'

ताई, ते तीन शब्द मी विसरणार नाही. आधीच्या एकानं तर सिगारेट विझवून तोच हात पाण्यात बुडवला होता. त्याच्या लेखी ती पाण्याची पेटी होती. तुमच्या लेखी आत जीव होते, आणि ते माझे होते. माझा मासा गेला हे तुम्हाला तोवर ठाऊकही नव्हतं.

मग तुम्ही चिमूटभर खाद्य पॉवरहेडपुढे, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपापुढे, सोडलंत आणि म्हणालात, 'आता फक्त बघा.' कण टाकीभर फिरले आणि डावीकडच्या खडकामागे जाऊन निपचित पडले. साय सगळ्यात जाड तिथंच होती. दोन वर्षांत वाढलेल्या प्रवाळानं प्रवाह अडवला होता, आणि रोज टाकीसमोर बसूनही मला ते दिसलं नव्हतं.

वरून घालायचं पाणी तपासायचं तुमच्याआधी कुणाला सुचलं नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्याच्या आसपास हवा, मीटरवर 46 आला. आरओची मेम्ब्रेन, म्हणजे पाणी गाळणारा पडदा, कधीच संपली होती आणि उडालेलं पाणी भरताना मीच रोज त्या सायीला खायला घालत होतो. उलट माशांचं खाणं मात्र तोडलं होतं, त्यामुळे प्रवाळाला लागणारं नायट्रेटही शून्यावर. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, 'अशानं आधी प्रवाळ उपाशी मरेल. या सायनोबॅक्टेरियांतल्या काही जाती पाण्यात विरलेल्या नायट्रोजनवरही भागवतात. यांच्या पूर्वजांनी 240 कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला, ते एका बाटलीला कसे दबतील?' मला अपराधी वाटू नये म्हणून तुम्ही ते बोललात, हे मला कळलं होतं.

जाणकार माणसं पुष्कळ भेटतात. जाणकार असून समोरच्याला लहान न करणारी फार कमी. तुम्ही निघताना चहासुद्धा घेतला नाहीत, पण आठवड्यानं आठवणीनं विचारलंत, 'वाळू कशी आहे?'

वाळू आता पांढरी आहे, ताई. अडीच महिने लागले. एका झोएंथिडचा तुकडा तुमच्यासाठी वेगळ्या दगडावर लावून ठेवलाय. पहिले दहा दिवस मिटूनच होता, काल दोन तोंडं उघडली. नीट चिकटला की घेऊन येतो. वाळूचा एक कणही सोबत येणार नाही, हात धुऊनच काढीन.

तुमचा ऋणी